रामनगरची न ठेवलेली नोंद

गेल्या उन्हाळ्यात एके सकाळी एक तरुण पाहणीदार छापील तक्त्यांचा गठ्ठा घेऊन आमच्या रामनगरात घरोघर फिरत होता, आणि शेजारच्या आजींच्या पडवीत तो येऊन बसला तेव्हा त्याचे कानडी प्रश्न मराठीत आणि आजींची मराठी-कोंकणी उत्तरे कानडीत करून देण्यासाठी मला बोलावणे आले. घर पक्के की कच्चे, शौचालय आहे की नाही, विजेची जोडणी कोणाच्या नावावर, उत्पन्नाचा मार्ग शेती, मजुरी, नोकरी की व्यापार, असे रकाने एकामागून एक भरले जात होते. आजींनी सगळी उत्तरे निमूटपणे दिली. तक्त्याची घडी घालून तो उठू लागला तसे त्यांनी त्याला हाताने थांबवले आणि विचारले, "बाबा, ह्यात आमचं रान कुठं लिवलंस?"

पाहणीदार भला होता. त्याने तक्ता पुन्हा उलगडला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवले आणि तसा रकाना नाही असे सांगितले. 'रान' ह्या एका शब्दात आजींनी काय काय धरले होते ते मला इतक्या वर्षांच्या शेजारामुळे ठाऊक आहे. काळी नदीच्या काठी त्यांचे गाव होते तेव्हा भाताची खाचरे तर होतीच, पण त्या खाचरांच्या पलीकडे चैत्र-वैशाखातले रातांबे, शिकेकाई, मधाची पोळी, मातीखालून उकरून काढायचे करांदे, गुरांची चराई, वर्षभराचे सरपण, छपराचे गवत आणि आजारपणात उपयोगी पडणाऱ्या दहा तऱ्हेच्या मुळ्या आणि साली, हे सगळे त्या रानातून घरी येत असे. ह्यांपैकी बहुतेक कशाला पैसा पडत नव्हता आणि कशातून फारसा पैसा येतही नव्हता; आणि म्हणूनच ते जेव्हा गेले तेव्हा ते गेल्याची नोंद कोणत्याही दफ्तरात झाली नाही.

रामनगर हे बेळगावकडून लोंढ्यावरून अनमोड घाटाकडे, म्हणजेच गोव्याकडे, जाणाऱ्या हमरस्त्यावरचे गाव. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या ज्या तालुक्यात ते आहे त्याला आज जोयडा म्हणतात, पण जुनी माणसे अजून सुपे तालुकाच म्हणतात, आणि त्या जुन्या नावातच आमची सारी हकीकत आहे. सुपे येथे काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे धरण झाले. सत्तरच्या दशकात त्याचे काम चालू झाले आणि ऐंशीच्या दशकात ते पुरे झाले. जुने सुपे, जे तालुक्याचे ठाणे होते, ते जलाशयाखाली गेले, कचेरी जोयड्याला हलली, आणि नदीकाठच्या खेड्यांतून जी कुटुंबे उठली त्यांपैकी पुष्कळांना ह्या रामनगरात वसवण्यात आले. नागझरीच्या विद्युत्केंद्रातली वीज दूरदूरच्या शहरांना आणि कारखान्यांना गेली, आणि ती गेली ह्याचे मला वाईट वाटत नाही. देशाला विजेची निकड होती आणि ती निकड खरी होती. माझे गाऱ्हाणे निराळे आहे. जलाशयाची पातळी रोज मोजली जाते, किती पाणी सोडले आणि त्यातून किती युनिट वीज निघाली ह्याची टिपणे काटेकोर ठेवली जातात. परंतु ज्या कुटुंबांच्या उंबऱ्यावरून ते पाणी गेले त्या कुटुंबांत धरणापूर्वी किती महिने घरचे धान्य पुरत असे आणि दहा वर्षांनंतर किती महिने पुरू लागले, कर्ज किती होते आणि किती झाले, मुले किती शिकली, मुली कोणत्या वयात उजवल्या, म्हातारी माणसे नव्या जागी आल्यावर किती वर्षे जगली, ह्याचे एकही सलग टिपण इतकी वर्षे विचारपूस करूनही माझ्या हाती लागलेले नाही.

गरिबांसाठी आखलेल्या धोरणांना प्रयोग म्हटले की सज्जन माणसांना राग येतो, आणि तो राग मी समजू शकतो. पण रामनगर हाही एक प्रयोगच होता. शेकडो कुटुंबांना नदीकाठावरून उचलून हमरस्त्याच्या काठी ठेवले तर त्यांचे काय होते, हा प्रश्न शासनाने प्रत्यक्ष कृतीने विचारला. फक्त ह्या प्रयोगाची टिपणवही कोणी ठेवली नाही, आणि त्यामुळे त्याची जी किंमत आमच्या वडीलधाऱ्यांनी मोजली तिच्यातून पुढच्या कोणाला काही शिकता आले नाही. दारिद्र्यनिवारणाच्या कामात कसोशीच्या संशोधनाचा पुरावा मागणे म्हणजे विद्वानांचे चोचले आहेत, असे जेव्हा कोणी म्हणते तेव्हा मला ही न ठेवलेली वही आठवते.

शासनाला मोजता येत नाही असे कोणी म्हणू नये. कंपनी सरकारच्या अमदानीत १८२८ च्या सुमारास प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने दख्खनच्या जमिनींची मोजणी हाती घेतली. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढावे आणि त्याच्या पंचावन्न टक्के जमा बसवावी, असा त्याचा सिद्धान्त होता, आणि कागदावर तो अतिशय तर्कशुद्ध होता. परंतु ते निव्वळ उत्पन्न ज्या आकड्यांवरून काढले ते आकडेच सदोष होते, आणि त्यांवर बसवलेला धारा इतका अवजड ठरला की इंदापूर परगण्यातले कुणबी शेते टाकून निघून गेले. तेव्हा सरकारने काय केले? १८३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट ह्यांच्याकडून त्याच इंदापुरात मोजणी नव्याने करवली, प्रत्येक शेताची प्रत आण्यांत ठरवली, धारा उतरवला, तो तीस वर्षांसाठी कायम केला, आणि ती पद्धत तिथे टिकते असे पाहून मग इलाखाभर नेली. महसूल घ्यायचा होता म्हणून चूक मोजली गेली, मान्य झाली आणि सुधारली गेली. लोकांकडून घेताना जी कसोशी सरकारला जमली ती लोकांना देतानाही जमली पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे. आणि प्रिंगलच्या उदाहरणावरून हेही विसरून चालणार नाही की आकडे निष्काळजीपणे गोळा केले तर आकड्यांच्या जोरावरही गावे ओस पडतात.

ही कसोशी परक्यांकडून शिकावी लागेल असेही नाही, कारण मराठी माणसांनी ती आपल्या डोळ्यांदेखत करून दाखवली आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ ह्यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात माणसाला रोज २२५० उष्मांकांचे अन्न मिळावे एवढीच किमान अपेक्षा धरून, १९६०-६१ च्या भावाने खेड्यात दरमाणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये अशी रेषा त्यांनी आखली, आणि तिच्याखाली किती देश उभा आहे हे दाखवून राज्यकर्त्यांची झोप उडवली. वि. स. पागे ह्यांनी रोजगार हमीची कल्पना आधी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात लहान प्रमाणावर करून पाहिली, १९७२ च्या दुष्काळाने तिची परीक्षा घेतली, आणि मगच तिचा कायदा होऊन तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पुढे २००५ साली सबंध देशाने तिचा कित्ता गिरवला.

आमच्यासारख्या धरणग्रस्तांना तर इरावती कर्वे ह्यांचे नाव अधिक जवळचे वाटावे. कोयनेच्या जलाशयाने उठवलेली माणसे जिथे जिथे जाऊन पडली होती तिथे तिथे जाऊन त्यांची पाहणी त्यांनी आणि जाई निंबकर ह्यांनी केली, आणि ती डेक्कन कॉलेजने १९६९ साली प्रसिद्ध केली. इरावतीबाई पुढच्याच वर्षी गेल्या. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली झाला, तो काही केवळ एका पुस्तकामुळे झाला नाही, त्यामागे धरणग्रस्तांचे लढे होते. पण लढणाऱ्याच्या हातात मोजून मांडलेली हकीकत असली की त्याचे म्हणणे कचेरीच्या मेजावरून सहज बाजूला सारता येत नाही. सुप्याचे काम चालू झाले तेव्हा कोयनेची ही पाहणी छापून पुरी झालेली होती. ती इथल्या कोणी वाचली असती, तर निदान कोणते प्रश्न विचारावेत हे तरी कळले असते.

पुढे मायकेल चर्निया ह्या समाजशास्त्रज्ञाने जगभरच्या विस्थापनांचा अभ्यास करून, उठवलेली माणसे कोणत्या आठ वाटांनी दरिद्री होतात ह्याचे एक कोष्टक केले. जमीन जाणे, काम जाणे, घर जाणे, समाजात खालच्या पायरीवर ढकलले जाणे, अन्नाची शाश्वती जाणे, आजार आणि मृत्यू वाढणे, सामाईक संपत्तीला मुकणे आणि माणसामाणसांतले आधाराचे धागे तुटणे, अशा त्या आठ वाटा होत. ह्यांतली सामाईक संपत्तीची वाट म्हणजेच आजींचे रान. जे एका वृद्ध स्त्रीला अनुभवाने ठाऊक होते आणि जे पंडितांना दीर्घ परिश्रमांनी कळले, ते त्या छापील तक्त्याला अद्याप ठाऊक नाही.

आता कसोशीचा पुरावा म्हणजे नेमके काय, हे सांगण्यासाठी गडचिरोलीचे उदाहरण मी नेहमी देतो, कारण त्याच्यात काही लपलेले नाही आणि ते शाळकरी मुलालाही समजते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांनी नवजात अर्भकांच्या मृत्यूंचा प्रश्न हाती घेतला तेव्हा त्यांनी ३९ गावांत नवी व्यवस्था करण्याचे ठरवले आणि शेजारची ४७ गावे, जिथे सरकारी आरोग्यसेवा नेहमीप्रमाणे चालू राहणार होती, ती तुलनेसाठी धरली. नवे काही करण्याआधी १९९३ ते १९९५ अशी दोन वर्षे त्यांनी दोन्हीकडे प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवला. माझ्या दृष्टीने ह्या दोन वर्षांतच त्या कामाचे मोठेपण आहे. समोर बाळे मरत असताना आधी नीट मोजण्याचा धीर धरणे सोपे नसते. मोजले तेव्हा दोन्हीकडे हजारी साठाच्या आसपास अर्भके पहिल्या महिन्यातच दगावत होती. त्यानंतर गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि वेळ पडली तर प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, हे त्या घरोघर जाऊन करू लागल्या. तिसऱ्या वर्षी त्या ३९ गावांतले प्रमाण हजारी २५ च्या घरात आले होते, आणि शेजारच्या ४७ गावांत ते साठाच्या आसपासच राहिले होते. ही तुलना १९९९ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. शेजारची गावे मोजली नसती, तर टीकाकारांना म्हणता आले असते की पाऊसपाणी चांगले झाले, रस्ते झाले, म्हणून मृत्यू आपोआप कमी झाले; ती मोजली होती म्हणून हे कोणाला म्हणता आले नाही, आणि २०११ पासून हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांच्या हातून देशभर नेण्याचे केंद्र सरकारने ठरवले. आमच्या जोयड्याच्या वाड्यांत आशाताई पिशवीत वजनाचा काटा घेऊन बाळंतिणीच्या घरी जाते, तेव्हा तिच्यामागे गडचिरोलीतल्या त्या दोन वर्षांच्या वह्या असतात.

२०१९ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर ह्यांना मिळाले ते ह्याच रीतीला दारिद्र्याच्या प्रश्नांत रुजवण्यासाठी. अभिजित ह्यांचा जन्म मुंबईचा आणि त्यांच्या मातोश्री निर्मलाबाई माहेरच्या पाटणकर, हे वाचून मराठी घरांत त्या वेळी जो आनंद झाला तो मला आठवतो. पण त्यांच्या कामाबद्दल त्या घरांत फारसे बोलले गेले नाही. त्यांचे मुर्शिदाबादचे काम आमच्या भागाशी फार जवळचे आहे. बंगालमधल्या त्या जिल्ह्यात बंधन ह्या संस्थेने अतिदरिद्री कुटुंबे हुडकली, त्यांतून चिठ्ठ्या टाकून काही निवडली, आणि त्या घरच्या बाईला गाय, शेळ्या असे काही पोटापाण्याचे साधन दिले. ते साधन भुकेपोटी विकावे लागू नये म्हणून काही महिने आठवड्याला थोडे पैसेही दिले, आणि सुमारे दीड वर्ष एक कार्यकर्ता दर आठवड्याला घरी येऊन विचारपूस करीत राहिला. दहा वर्षांनी पाहिले तेव्हाही ही कुटुंबे, चिठ्ठी न निघालेल्या कुटुंबांपेक्षा खाण्यापिण्यात आणि मिळकतीत पुढे होती. दहा वर्षांनी पुन्हा त्याच दारात जाऊन उभे राहणे, हे ह्या हकीकतीतले मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते.

परंतु इथेच थांबलो तर मी वाचकांची दिशाभूल केल्यासारखे होईल. त्याच सुमारास जवळपास तशीच योजना तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या मेदक जिल्ह्यात एका दुसऱ्या संस्थेने राबवली, आणि तिचाही असाच काटेकोर अभ्यास झाला. तिथे जनावरांपासूनची मिळकत वाढली, पण जनावराचे करण्यासाठी घरी राहावे लागल्यामुळे शेतमजुरीची कमाई जवळजवळ तेवढीच घटली. शिवाय त्या भागात मजुरीचे मान चांगले असल्यामुळे ज्यांना जनावर मिळाले नव्हते त्यांचीही स्थिती सुधारत होती, आणि एकंदरीत हिशेब केला तर योजनेने पदरात निराळे असे काही पडले नाही. दोन्ही अभ्यास खरे आहेत. आता रामनगरचा विचार करा. आमची तरुण मुले फोंडा, मडगाव, वास्को इकडे बांधकामावर, हॉटेलांत, कारखान्यांत जातात; सकाळच्या गोव्याच्या गाड्या त्यांनी भरलेल्या असतात. अशा घराला उद्या कोणी सरकारी अनुदानाची म्हैस आणून बांधली, तर तिच्या वैरणीसाठी घरी कोण राहणार आणि त्याची गोव्याची कमाई बुडणार की नाही, हे पाहिल्यावाचून मुर्शिदाबादचा निर्णय इथे लावता येईल काय? आमच्या गावाला मेदक जवळचे की मुर्शिदाबाद, ह्याचे उत्तर इथे येऊन, इथल्या चुली मोजूनच द्यावे लागेल. परगावचा पुरावा आपल्याला योग्य प्रश्न देतो, आणि मला तो हवा आहे तो ह्याचसाठी.

चिठ्ठ्या टाकून काहींना द्यायचे आणि काहींना द्यायचे नाही हा गरिबांवर अन्याय आहे, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ज्या मदतीचा उपयोग निःसंशय सिद्ध झाला आहे, जसे भुकेल्याला धान्य किंवा तापाने फणफणलेल्याला औषध, तिथे चिठ्ठ्या टाकणे हे पापच होय. पण जिथे निधी सर्वांना पुरणारा नसतो, जिथे शंभर पात्र कुटुंबांपैकी चाळीसांचीच तरतूद आलेली असते, तिथे आज निवड कशी होते हे खेड्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे: ज्याची कचेरीत ओळख, त्याची दरखास्त वर. त्यापेक्षा भावकीत खाचरांची वाटणी करताना सर्वांसमोर लहान पोराच्या हातून चिठ्ठी उचलतात तशी चिठ्ठी उचलणे अधिक न्यायाचे आहे, आणि त्याच चिठ्ठीमुळे पुढे तुलनाही करता येते. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. धरण बांधावे की नाही, रान कोणाचे, जमिनीवर हक्क कोणाचा, ह्या गोष्टी चिठ्ठ्या टाकून ठरत नाहीत, आणि त्या ठरवण्याचा अधिकार संशोधकाला नाही. तो लोकांचा आहे. पाहणीच्या नावाखाली हक्काचा प्रश्न लांबणीवर टाकणाऱ्या कोणत्याही कचेरीला माझा विरोध राहील.

हे सगळे मी आजच का लिहितो आहे? आमच्या तालुक्यात एक नवे स्थलांतर चालू आहे म्हणून. दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ साली व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१५ पासून त्याला काळी नदीचे नाव आहे. त्या रानातल्या वाड्यांत राहणाऱ्या कुटुंबांनी स्वखुशीने बाहेर पडावे म्हणून केंद्राच्या योजनेत २००८ साली कुटुंबामागे १० लाख रुपये ठरले होते. ते २०२१ पासून १५ लाख झाले आहेत, आणि रोख रकमेऐवजी जमीन व घर घेण्याचा मार्गही त्या योजनेत आहे. अशी काही कुटुंबे ह्याआधीच बाहेर पडली आहेत. कायद्याप्रमाणे संमतीवाचून कोणाला उठवता येत नाही, आणि संमती देणाऱ्यांपैकी अनेकांना मुलांची शाळा, दवाखाना आणि रस्ता खरोखरच हवा आहे. त्यांच्या इच्छेचा मी अनादर करणार नाही. पण १५ लाख रुपयांचे पाच वर्षांनी काय होते? ते घरात, जमिनीत, मुलांच्या शिक्षणात टिकतात, की लग्न, मोटारसायकल, दारू आणि भाऊबंदांची उसनवारी ह्यांत वाहून जातात? रोख घेणारे बरे राहतात की जमीन घेणारे? त्या पैशांवर घरातल्या बाईचा हात राहतो काय? ह्यांपैकी प्रत्येक प्रश्नावर जोयड्याच्या बाजारात ठाम मते ऐकायला मिळतात, आणि त्यांतले एकही मत मोजणीवर आधारलेले नसते.

आपल्याच कर्नाटक राज्यात चिक्कमगळूर जिल्ह्यातल्या भद्रा अभयारण्यातून २००१-०२ साली जी कुटुंबे बाहेर आली, त्यांना ओलिताची जमीन देण्यात आली होती, आणि कृती कारंथ ह्यांनी त्यांच्याकडे एकदा २००२ साली आणि पुन्हा २००६ साली जाऊन त्यांचे कसे चालले आहे ते विचारले. बहुसंख्यांनी समाधान सांगितले. काळीच्या रानातून बाहेर पडणाऱ्यांची अशीच पाहणी, त्याहून अधिक बारकाईने आणि अधिक दीर्घ काळ, करायला काय हरकत आहे? कुटुंब रानात असतानाच पहिली पाहणी व्हावी. मग एका वर्षाने, पाच वर्षांनी आणि दहा वर्षांनी त्याच कुटुंबाकडे जावे. जी कुटुंबे अजून रानातच आहेत त्यांच्याकडेही त्याच वेळी जावे, कारण तुलना त्यांच्याशीच होणार. आणि प्रत्येक फेरीत काय दिसले ते कानडीबरोबर मराठीत आणि कोंकणीत त्या कुटुंबांना वाचून दाखवावे. कारवारच्या, धारवाडच्या, बेळगावच्या महाविद्यालयांतली मुले हे करू शकतील. ज्या रकमा वाटल्या जात आहेत त्यांच्या मानाने ह्याचा खर्च किरकोळ येईल.

आणखी एक गोष्ट आहे, जिची तुलना करण्यासाठी नवी योजनाच नको, केवळ पाहण्याची इच्छा हवी. जोयड्याचे कुणबी, ज्यांना महाराष्ट्रातल्या शेतकरी कुणब्यांशी एक समजू नये, ते रानातले कुमरी, म्हणजे फिरत्या, शेतीचे आणि कंदमुळांचे जाणकार लोक. दर वर्षी हिवाळ्यात जोयड्याला त्यांच्या कंदांचा मेळा भरतो, तिथे दोन्ही हातांनी उचलावा लागेल एवढा मुडलीचा कंद पाहून शहरचा माणूस थक्क होतो. अनमोड घाटापलीकडच्या गोव्यातल्या कुणब्यांना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजालाही तो त्याच वर्षी मिळाला. जोयड्याचे कुणबी तो अद्याप मागत आहेत. म्हणजे घाटाच्या दोन अंगांना एकाच समाजाची माणसे आहेत आणि एका तालुक्यात शेजारशेजारच्या वाड्यांत दोन समाज आहेत, आणि दोन्ही ठिकाणी एकाला दर्जा आहे, दुसऱ्याला नाही. गोवा मुळातच सधन, तेव्हा आजचे गोव्याचे कुणबी आणि आजचे जोयड्याचे कुणबी ह्यांची नुसती तुलना फसवी ठरेल. पण २००३ च्या आधी दोघांत शिक्षणाचे, नोकऱ्यांचे, जमिनीच्या मालकीचे जे अंतर होते ते त्यानंतर वाढले की तसेच राहिले, आणि इकडे सिद्दींच्या व कुणब्यांच्या वाड्यांतले अंतर कोणत्या दिशेने हलले, हे शाळांच्या पटांवरून आणि शिरगणतीच्या आकड्यांवरून पुष्कळसे काढता येईल. ह्या मागणीचा निवाडा करणाऱ्यांपुढे असा एक अभ्यास असता, तर कुणब्यांना पिढ्यान्‌पिढ्या केवळ निवेदने देत बसावे लागले नसते. मागणी न्याय्य आहे असे माझे मत आहे. आणि मोजले तर ती अधिक बळकट होईल, अशी माझी खात्री आहे.

त्या दिवशी पाहणीदाराने अखेर तक्ता उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आजी सांगतील ते लिहून घेतले. मी एकेक नाव कानडीत सांगत गेलो, जिथे कानडी शब्द मला आठवला नाही तिथे त्याने कानडी लिपीत आमचाच शब्द लिहिला, आणि पान भरत आले तरी आजी थांबल्या नाहीत. त्या मागच्या बाजूचे पुढे काय झाले ते मला कळलेले नाही. काळीच्या रानातून पुढचे कुटुंब बाहेर पडेल त्याआधी जो तक्ता छापला जाईल, त्यात रानासाठी एक सबंध पान ठेवावे. त्या पानावर कोणकोणते रकाने असावेत ह्याची यादी करायची असेल, तर आजी अजून त्याच पडवीत बसतात, आणि दुभाष्याचे काम करायला मी तयार आहे.